पोटातली चौदा इंजेक्शनं

"सिस्टर, आधी तो पंखा बंद करा," डॉक्टर फारुकी म्हणाले.

पंखा थांबला तशी आरोग्य केंद्रातल्या खाटेवरची मुलगी थोडी शांत झाली. चौथीतली पोर. अंगावर शाळेचाच फ्रॉक. आई तिचे दोन्ही पाय धरून बसली होती. डॉक्टरांनी स्टीलच्या पेल्यात पाणी घेतलं आणि हळूच तिच्यापुढे धरलं. तिला तहान लागली होती, ते दिसत होतं. तिनं हातही पुढे केला. पण पेला तोंडाशी आला आणि तिचा गळा आवळला. पेला खाली पडला. ती ओरडली नाही. नुसती आईकडे बघत राहिली. सांडलं म्हणून आई रागावेल, असं तिला वाटलं असावं.

डॉक्टर मला बाहेर व्हरांड्यात घेऊन आले. त्यांची ही पहिलीच नोकरी होती.

"गायकवाड मॅडम, माझं चुकलं तर बरंच आहे. पण मला हा रेबीज वाटतोय."

मला बोलावलं कशाला ते आता कळलं होतं.

मी आरोग्य खात्यात विस्तार अधिकारी आहे. सुई टोचणं, गोळी देणं माझ्याकडे नाही. लोकांना सांगणं आणि समजावणं हे माझं काम. ऑफिसात त्याला आयईसी म्हणतात. म्हणजे माहिती, शिक्षण, संवाद. प्रत्यक्षात यातलं पहिलंच होतं, आणि तेही बहुतेक भिंतीवर. माझं माहेर लातूर जिल्ह्यातल्या देवणीचं, नोकरी नांदेड जिल्ह्यात. तालुका आणि गाव कोणतं ते लिहीत नाही, कारण ते कुटुंब अजून तिथंच राहतं. माणसांची नावंही बदलली आहेत.

रेबीज म्हणजे पिसाळलेल्या कुत्र्यापासून होणारा रोग, हे सगळ्यांना माहीत असतं. त्याची चाल मात्र पुष्कळांना माहीत नसते. चावल्याबरोबर काही होत नाही. जखम भरून येते, माणूस विसरून जातो. विषाणू मात्र नसेतून मेंदूकडे सरकत असतो. त्याला काही आठवडे लागतात, कधी काही महिने. तेवढ्या काळात लस घेतली तर माणूस वाचतो. एकदा लक्षणं दिसली, पाण्याची आणि वाऱ्याची भीती सुरू झाली, की मग जगात कुठंही नेलं तरी उपयोग नसतो. अगदी टाळता येणारा आणि अजिबात बरा न होणारा, असा हा रोग आहे.

मुलीचं नाव रेणुका. बाप गंगाधर गवंडीकाम करायचा, आई शोभाबाई रोजानं शेतात जायची. डॉक्टरांनी दोघांना परत परत विचारलं.

"कुत्रं चावलं होतं का हिला? आठवा. मागच्या दोन-तीन महिन्यांत?"

"न्हाई ओ साहेब," गंगाधर म्हणाला. "तसं असतं तर आणलं नसतं का दवाखान्यात? घसा धरलाय म्हणून गावातल्या डॉक्टरला दाखवलं. त्यांनी गोळ्या दिल्या. पण पाणीच पीना गेली."

शोभाबाई म्हणाली, "दिवाळीच्या आधी हातावर ओरखडा दिसला व्हता. म्या इचारलं, काय झालं गं? तर म्हणली, बाभळीचा काटा लागला."

डॉक्टरांनी रेणुकाचा डावा हात उलटा करून बघितला. अंगठ्याच्या खाली दोन बारके पांढरट वण होते. काट्याचे वण तसे नसतात.

मी तिच्या उशाशी बसले. विचारलं, "बाळा, कुत्रं चावलं होतं का? आता खरं सांगितलंस तरी कोणी रागावणार नाही."

तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं. थोड्या वेळानं अगदी बारीक आवाजात म्हणाली, "पोटात नका देऊ."

"काय पोटात?"

"इंजेक्शन. पोटात नका देऊ."

तेव्हा मला त्याचा पुरता उलगडा झाला नाही. ॲम्ब्युलन्स आली, तिला नांदेडला नेलं. तिथल्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. त्यांनी तिला झोपेचं औषध दिलं, अंधाऱ्या शांत खोलीत ठेवलं आणि त्रास होईल तेवढा कमी केला. एवढंच हातात होतं. दोन-तीन दिवसांत ती गेली.

तिचा अंत्यविधी होण्याआधीच माझं पुढचं काम सुरू झालं होतं. पिसाळलेलं कुत्रं एकालाच चावून थांबत नाही. त्याच कुत्र्यानं आणखी कोणाला चावा घेतला असेल, तर त्या माणसांना ताबडतोब शोधून लस द्यायची असते. त्यांच्या अंगातही विषाणू सरकतच असतो. फक्त तो कुठवर आलाय, हे कोणालाच माहीत नसतं.

"गाव पिंजून काढा," तालुका आरोग्य अधिकारी फोनवर म्हणाले. आम्ही त्यांना नुसतं साहेब म्हणतो. "दुसरी केस आपल्याला परवडणार नाही."

आशाताईंना घेऊन मी घरोघर फिरले. आशाताई म्हणजे गावातलीच बाई, आरोग्याची कामं बघणारी. प्रत्येक दारात आम्ही एकच विचारत होतो आणि प्रत्येक दारात एकच उत्तर येत होतं. आमच्या घरी कोणाला चावलं न्हाई. एका म्हाताऱ्यानं उलट मलाच विचारलं, "बाई, गावात पिसाळलेलं कुत्रं फिरत असतं तर आमाला दिसलं नसतं का?" त्याचं बरोबर होतं. लाळ गाळणारं, धावून येणारं कुत्रं कोणीच बघितलं नव्हतं.

मग मी शाळेत गेले.

दोन शिक्षकी शाळा. दुसऱ्या बाई बाळंतपणाच्या रजेवर होत्या, म्हणून सगळं स्वामी सरांवर. सर उदगीरकडचे. पन्नाशी ओलांडलेले, कपाळावर भस्म, शर्ट कडक इस्त्रीचा. रेणुका त्यांच्याच वर्गातली. त्यांनी दोन दिवस जेवण केलं नसावं असा चेहरा होता. पण मी आल्याबरोबर त्यांनी शिट्टी वाजवली आणि सगळी पोरं मैदानात रांगेत उभी केली.

"मॅडम आल्यात. कुत्रं चावलेल्यांनी हात वर करा."

एकही हात वर झाला नाही.

"खरं सांगा. लपवलं तर रेणुकासारखं होईल. चावलंय का कोणाला?"

पोरं मातीकडे बघत उभी. दुसरीतली एक मुलगी रडायला लागली. मी सरांना म्हणाले, "सर, बस. असं नको."

"मग कसं इचारायचं, मॅडम?"

"मला थोडा वेळ पोरांजवळ बसू द्या. तुम्ही आत थांबा."

त्यांना ते आवडलं नाही, पण ते आत गेले.

व्हरांड्यात एक बॅनर अजून टांगलेला होता. त्यावर रेबीजमुक्तीचं घोषवाक्य, खाली शाळेचं नाव. दिवाळीच्या महिनाभर आधी वरून आदेश आला होता, म्हणून शाळेत जनजागृती कार्यक्रम झाला होता. शपथ घेतली, फोटो काढले, फोटो पाठवले. मी त्या दिवशी दुसऱ्या बीटमध्ये, म्हणजे नेमून दिलेल्या दुसऱ्या गावांत होते. पण कार्यक्रम कसा झाला असेल ते मी डोळे मिटून सांगू शकले असते. सगळीकडे सारखाच होतो.

पोरांना मी खिचडी शिजवायच्या खोलीमागे सावलीत नेलं. तिथं भिंतीला टेकून फाटक्या पोत्याचं अंथरूण पडलं होतं. शेजारी नारळाची करवंटी, तळाला वाळकी खिचडी चिकटलेली.

मी विचारलं, "हे कोणाचं घर आहे?"

पोरांनी एकमेकांकडे बघितलं.

"छान केलंय. पाऊस येत नसेल इथं."

"येतो की," एक जण म्हणाला. "म्हणून ओंकारनं वर पत्रा ठिवला व्हता."

"बरं. आणि राहायचं कोण?"

रेणुकाची मैत्रीण होती, आम्रपाली. दोन वेण्या, ओठ घट्ट मिटलेले. मघापासून ती माझ्याकडे बघतच नव्हती. तीच म्हणाली, "बिट्टू."

"बिट्टू म्हणजे पिल्लू?"

"हाव. पांढरं व्हतं. कानावर काळा ठिपका."

मग बांध फुटल्यासारखी पोरं बोलायला लागली. बिट्टू कुठून आलं, कोण कोण त्याला खिचडी ठेवायचं, ते कसं नुसतं पायात घुटमळायचं. मी फक्त ऐकत होते. चावण्याचं नावही काढलं नाही. नंतर त्याचं काय झालं, तेवढं विचारलं.

"आजारी पडून मेलं," ओंकार म्हणाला. "खाईना. तोंडातून फेस आला. रेणुका त्याला पाणी पाजायलती, तवा चावलं."

"रेणुकालाच?"

आम्रपालीनं फ्रॉकची बाही वर केली. कोपराजवळ वण होता. ओंकारनं पायाची नडगी दाखवली.

"आणि कृष्णाला पण," आम्रपाली म्हणाली. "त्याच्या बोटाला लई रगत आलतं. तो आता गावाला गेलाय, मामाकडं."

"मग घरी का नाही सांगितलं?"

"आमी शपथ घेतली व्हती. आईची शपथ. कोणीच सांगायचं न्हाई."

"का पण?"

आम्रपाली माझ्याकडे पहिल्यांदा बघत म्हणाली, "सर म्हणले ना कार्यक्रमात. कुत्र्याच्या नादी लागाल तर पोटात चौदा इंजेक्शनं देतेत. एवढाल्या सुईनं." तिनं वीतभर अंतर दाखवलं. "रेणुका लई भ्याली व्हती. तिनंच सगळ्यांना शपथ घातली."

दवाखान्यातलं रेणुकाचं वाक्य मला तेव्हा कळलं. ती मरणाला भीत नव्हती. तिला मरण ठाऊकच नव्हतं. तिला पोटातल्या सुईची भीती होती. खाटेवर असतानाही ती आम्हाला तेवढंच विनवत होती.

पोटात चौदा इंजेक्शनं ही गोष्ट खोटी नाही. ती जुनी आहे. पूर्वी रेबीजची लस तशीच द्यायचे, बेंबीच्या भोवती, रोज एक. ती पद्धत बंद होऊन बरीच वर्षं झाली. आता दंडावर, कातडीत, बारक्या सुईनं देतात. थोडी इंजेक्शनं, मधे काही दिवस सोडून. जखम खोल असेल तर जखमेत आणखी एक औषध घालतात. आणि चावल्याबरोबर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली भरपूर वेळ धुवायची असते. यातलं काहीच त्या पोरांना माहीत नव्हतं. त्यांना शपथ पाठ होती. शपथेतलं एक वाक्य ओंकारनं मला घडाघडा म्हणून दाखवलं. 'प्राणीदंश झाल्यास तात्काळ नजीकच्या आरोग्य संस्थेशी संपर्क साधेन.'

"प्राणीदंश म्हणजे काय रे?" मी विचारलं.

"काय की," तो म्हणाला.

त्याच दुपारी दोघांना आईबापांसकट पीएचसीत आणलं. पीएचसी म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र. ओंकारची आई वाटेभर त्याला मारत होती आणि रडत होती. मी दोनदा तिचा हात धरला. डॉक्टर फारुकींनी आधी सुई दाखवली. एवढीशी. ओंकार डोळे गच्च मिटून शर्ट वर करायला लागला, पोट उघडं करून.

"शर्ट खाली कर, बेटा," डॉक्टर म्हणाले. "हात दे फक्त."

आम्रपालीची पाळी आली. तिनं हात पुढे केला, तोंड वळवलं. सुई गेली, आली. सिस्टरनं कापूस ठेवला.

"झालं?" तिनं विचारलं.

"आजचं झालं. परत यायचं बरं का, सांगितलेल्या दिवशी."

ती दंडाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "येवढंच व्हतं?"

कोणी काही बोलायच्या आत ती रडायला लागली. दुखलं म्हणून नव्हे. "येवढंच व्हतं तर मंग रेणुकानं..." एवढं म्हणून ती आईच्या पदरात शिरली. डॉक्टर फारुकी खिडकीकडे गेले आणि बराच वेळ तिकडेच तोंड करून उभे राहिले.

राहिला कृष्णा. त्याची आई दिवाळीला माहेरी गेली होती, भावजय आजारी म्हणून तिथंच राहिली. माहेर देवणी तालुक्यात. फोन लावला तो मामानं उचलला.

"पिल्लाचा दात लागलाय निस्ता. ते बी कवा. पोरगं मस्त खेळायलंय."

मी म्हणाले, "रेणुका पण मस्त खेळत होती, दादा. मागच्या आठवड्यापर्यंत."

"बाई, तुमी लोकं काय बी सांगता. आमच्याकडं सोयाबीन काढणीचं पडलंय. रविवारी बघू."

मग मी देवणीतल्या माझ्या भावाला फोन केला. त्याचं शेतीऔषधाचं दुकान आहे. त्याला सगळं सांगितलं. त्यानं दुकान नोकरावर टाकलं आणि मोटारसायकल काढली. संध्याकाळच्या आत त्याचा फोन आला. "अक्का, पोराला घेऊन दवाखान्यात बसलोय. मामा बी सोबत आलाय. पहिलं इंजेक्शन झालं. बोटाच्या जखमेसाठी लातूरला पाठवणारेत, मी संगं जातो." मला सरकारी यंत्रणेतून हे काम करून घेता आलं असतं का? कदाचित. जिल्हा ओलांडून निरोप जायचा म्हणजे आधी आमच्या साहेबांकडून वर, मग तिकडून खाली. माझ्याकडे भाऊ होता म्हणून ते झालं. हे मी अभिमानानं सांगत नाही.

तिन्ही मुलं वाचली. हे इथंच सांगून टाकते, कारण पुढचं वाचताना निदान तेवढं मनाला असू द्या.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा शाळेत गेले. पोरं घरी गेली होती. स्वामी सर वर्गात एकटेच बसले होते. मी काय सांगायला आले ते त्यांना कळलं होतं. गावात अशी गोष्ट लपत नाही.

"मी खोटं बोललो न्हाई, मॅडम," ते म्हणाले. "मला दिली व्हती."

"काय?"

"चौदा इंजेक्शनं. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. वडील रोज सायकलवर बसवून उदगीरच्या सरकारी दवाखान्यात न्यायचे. दोघं जण हात-पाय धरायचे. बेंबीभोवती सगळं सुजलं व्हतं, झोपता येत नव्हतं." त्यांनी नकळत पोटावर हात ठेवला. "लेकरांवर तसली पाळी येऊ नये म्हणून सांगितलं. कुत्र्यापासून लांब राहतील म्हणून. त्यांना भीती घालायची म्हणून न्हाई, मॅडम."

"ती पद्धत कधीच बंद झाली, सर."

"मला कोणी सांगितलं?" ते एकदम म्हणाले. "किती ट्रेनिंग केली मी. आरोग्याचं पण झालं. त्यात फोटो कसा अपलोड करायचा, लोकेशन चालू ठेवायचं, ते शिकवलं. शपथेचा कागद आला तो वाचला. इंजेक्शन आता कुठं देतात, ह्ये एकानंही सांगितलं न्हाई. तुमच्या खात्यानं तरी सांगितलं का?"

आमच्या पोस्टरवर कुत्र्याचं चित्र असतं, घोषवाक्य असतं, मान्यवरांचे फोटो असतात. सुई कुठं टोचतात ते नसतं.

पुढच्या आठवड्यात तालुक्याला बैठक झाली. आरोग्याकडून आमचे साहेब, डॉक्टर फारुकी आणि मी. शिक्षणाकडून गटशिक्षणाधिकारी, म्हणजे तालुक्यातल्या शाळांचे प्रमुख, आणि स्वामी सर. मृत्यूचं कारण ठरवून वर कळवायचं होतं. वैद्यकीय कारण नव्हे, ते ठरलेलंच होतं. चूक कोणाची, हे ठरवायचं होतं.

गटशिक्षणाधिकाऱ्यांनी सुरुवातीलाच कार्यक्रमाचे फोटो टेबलावर मांडले. "शाळेनं जनजागृती केलेली आहे. हे बघा. शपथसुद्धा झाली."

"आमच्याकडे लस होती," आमचे साहेब म्हणाले. "साठा कधीच संपलेला नव्हता."

"म्हणजे दोन्ही खात्यांनी आपापलं काम केलंय."

"बरोबर."

मी म्हणाले, "साहेब, मुलीनं चावा लपवला तो आपल्याच कार्यक्रमात ऐकलेल्या गोष्टीमुळे. पोरांना अजून वाटतंय की पोटात..."

"मॅडम, मुलं काहीही बोलतात," गटशिक्षणाधिकारी म्हणाले. "ते लेखी कसं घेणार?"

तेव्हा स्वामी सर उभे राहिले. दोन्ही हात टेबलावर टेकवून. "मी बोललो व्हतो, साहेब. चौदा इंजेक्शनाचं मी बोललो. माझ्या बोलण्यानं लेकरू भ्यालं. तसं लिहा."

मला वाटलं, आता काहीतरी होईल.

"खाली बसा, सर," गटशिक्षणाधिकारी म्हणाले. रागानं नाही, उलट समजुतीच्या सुरात. "तुमची रिटायरमेंट जवळ आलीय. उगीच भावनेच्या भरात बोलू नका."

"भावना न्हाई, साहेब. झालं ते सांगायलोय."

"बसा म्हटलं ना."

ते बसले. आमच्या साहेबांनी माझ्याकडे न बघता लिहायला सांगितलं. 'जनजागृती करूनही पालकांच्या अज्ञानामुळे व उपचारातील दिरंगाईमुळे.' मी माझं वेगळं म्हणणं लिहून दिलं. त्याची पोच मिळाली, पुढे काही कळलं नाही.

दोन्ही खात्यांत एरवी कधीच एकमत होत नाही. त्या दिवशी झालं, कारण त्या खोलीत फक्त रेणुकाचे आईबाप नव्हते.

ते वाक्य पेपरात जसंच्या तसं छापून आलं.

मी रेणुकाच्या घरी गेले ती केवळ त्या बातमीमुळे नव्हे. आईबापांनी तिची लाळ पुसली होती, म्हणून त्यांनाही लस चालू होती, आणि शेवटचं इंजेक्शन चुकवू नका म्हणून सांगायचं होतं. गंगाधर कामावर गेला होता. शोभाबाई उंबऱ्यात तांदूळ निवडत बसली होती. मला बघून तिनं सतरंजी टाकली, पाणी दिलं. मग तिनं विचारलं.

"मॅडम, अज्ञान म्हंजी काय? ह्यांनी पेपर वाचून दाखवला. आमच्या अज्ञानानं गेली म्हणून लिवलंय. ह्ये म्हणले, म्हंजी आपल्याला कळत न्हाई. खरंय का? आपल्याला कळलं न्हाई म्हणून गेली का ती?" तिचे हात सुपात थांबले होते. "म्या इचारलं व्हतं तिला. हातावर काय झालं म्हणून इचारलं व्हतं ना म्या. काटा म्हणली ती. मला तर ती कधीच खोटं बोलत नव्हती."

ऑफिसच्या भाषेत या प्रश्नाला पुष्कळ उत्तरं होती. मी त्यातलं एकही दिलं नाही.

"अज्ञान म्हणजे आम्ही सांगितलं नाही, वहिनी," मी म्हणाले. "तुम्ही विचारलं होतं. आम्ही सांगितलं नव्हतं."

"तसं लिवा की मंग पेपरात."

"मी लिहिलं होतं."

तिनं मान डोलावली. विश्वास बसला की नाही, कळलं नाही. मी निघाले तेव्हा ती परत तांदूळ निवडत होती.

त्यानंतरच्या गोष्टी थोडक्यात सांगते. वरून परिपत्रक आलं. सदर घटनेच्या अनुषंगाने जिल्ह्यातल्या सर्व शाळांनी रेबीजबाबत पुन्हा जनजागृती कार्यक्रम घ्यावा, शपथ घ्यावी व छायाचित्रे सादर करावीत. शपथ तीच होती, प्राणीदंशवाली. नवीन बॅनर छापून आले. स्वामी सरांनी बदली मागितली, ती मिळाली नाही. मग त्यांनी मुदतीआधीच नोकरी सोडली आणि ते उदगीरला गेले. जाण्याआधी वर्षभर ते प्रत्येक सोमवारी परिपाठानंतर स्वतःची बाही वर करून पोरांना दाखवायचे, इथं देतात, दंडावर, एवढीशी सुई असते. आशाताईंनी मला हे सांगितलं. त्याचा फोटो कोणी काढला नाही, त्यामुळे तो कार्यक्रम कोणत्याच हिशेबात धरला गेला नाही.

मी त्याच खात्यात आहे. शाळेत गेले की आता भाषण करत नाही. आधी पोरांना विचारते, तुम्हाला याबद्दल काय काय माहीत आहे? कोणी सांगितलं? मग जे ऐकायला मिळतं ते ऐकते. साप चावला की मिरची खायची, टीबी झाला की शाळेतून नाव काढतात, दवाखान्यात नेलेली पोरं परत येत नाहीत. अर्ध्या गोष्टी घरून आलेल्या असतात. उरलेल्या अर्ध्या आमच्याकडून किंवा शाळेकडूनच आलेल्या असतात, मोडून-तोडून, दम भरून सांगितलेल्या. त्या खोडायला पुष्कळ वेळ जातो. साहेब विचारतात, दिवसाला एकच शाळा कशी होते? इतरांच्या चार होतात.

एखाद्या गावाला आरोग्यातलं किती कळतं हे बघायचं असेल, तर मी आता तिथल्या भिंती वाचत नाही. लेकराला काही लागलं, चावलं, दुखलं, तर ते सगळ्यात आधी कोणाला जाऊन सांगतं, तेवढं विचारते. पुष्कळ ठिकाणी पोरं थोडा वेळ विचार करतात आणि म्हणतात, कोणालाच न्हाई.